आत्याबाई आणि बेटावरच्या सापसुरळ्या

लक्षद्वीपमधल्या बेटावर काम करायची परवानगी हातात आली तेव्हा मला चौथा महिना लागला होता. परवानगीला इतका उशीर झाला होता की तिची आशा मी कधीच सोडली होती. आली ती अशी, सकाळ-सकाळ उलट्या चालू असताना.

मी तेव्हा विद्यापीठात प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय होता सापसुरळ्या. सरड्याच्या जवळचाच प्राणी, पण अंग गुळगुळीत, तेल चोपडल्यासारखं चकचकीत, पाय आखूड, आणि पळताना सापासारखी वळवळ. म्हणूनच आमच्याकडं तिला सापाची मावशी म्हणतात. विष तिच्यात थेंबभरही नसतं, तरी ती दिसली की माणसाचा हात आधी चपलेकडं जातो.

दौलताबादच्या डोंगरात, पडेगावच्या शेतांच्या बांधांवर मी दोन वर्षं सापसुरळ्या बघितल्या होत्या. पण मला बघायचं होतं बेट. प्रवाळाचं बेट जमिनीला कधीच जोडलेलं नसतं, ते समुद्रातच वाढतं. त्यामुळं तिथं जे काही राहतं ते कधी ना कधी पाणी ओलांडून आलेलं असतं. जगात अशी लांबची बेटं आहेत जिथं बेडूक नाहीत. बेडकाची कातडी ओली आणि पातळ, तिला खारं पाणी सोसत नाही. सापसुरळीचं अंग मात्र खवल्यांनी झाकलेलं. ती वाहत्या ओंडक्याच्या फटीत बसून येते, तिची अंडी कुजक्या खोडात राहून येतात, आणि माणसानं होड्या चालवायला लागल्यापासून ती झावळ्यांत, दोरखंडांच्या वेटोळ्यांत लपून येते. ती आल्यावर बेटावर नक्की कुठं राहते, कशाच्या आधारानं टिकते, एवढंच मला बघायचं होतं.

परवानगीची बातमी सांगितली त्या संध्याकाळी पडेगावच्या आमच्या घरी सगळे जमले. माझी आई उस्मानपुऱ्याहून रिक्षा करून आली. ती बसायच्या आधीच म्हणाली, "पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी कडेवर लेकरू असेल," मी म्हणाले.

नवरा वाळूजच्या कारखान्यातून नुकताच आला होता. त्यानं बूटसुद्धा काढले नव्हते. "डॉक्टरीण बाई काय म्हणाल्या?"

"चौथ्या-पाचव्या महिन्यात प्रवासाला हरकत नाही म्हणाल्या. दगदग करू नको म्हणाल्या."

"मग समुद्रातून जाणं ही काय आरामाची गोष्ट आहे?" आई म्हणाली.

माझ्या सासूबाई, आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना आत्याबाई म्हणते, खाली बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. सासरे गेल्यापासून त्या गावची शेती वाट्यानं देऊन आमच्याजवळ राहायला आल्या होत्या. घरातल्या वादात त्या सहसा पडत नसत. शेंगा सोलता सोलता त्यांनी विचारलं, "तिकडं समुद्र कुठल्या बाजूला हाय?"

"चारी बाजूंना," मी म्हणाले.

"मग मी जाते हिच्यासंगं," आत्याबाई म्हणाल्या. "म्या आजून समुद्र बघितला नाय."

मग नवरा हसायला लागला. आईला हसू आलं नाही, पण व्याह्यांच्या घरात विहिणीपुढं तिला जास्त बोलताही येईना.

बेटावर जायला प्रत्येकाला परवाना लागतो; आत्याबाईंचा परवाना, माझ्या तपासण्या उरकेपर्यंत दिवाळी होऊन गेली. दोन गाड्या बदलून आम्ही कोचीला पोचलो आणि तिथून जहाजात बसलो. आत्याबाईंच्या सामानात ज्वारीचं पीठ होतं, शेंगदाण्याची चटणी होती, लोखंडी तवा होता. जहाज हलायला लागल्यावर मी ठणठणीत राहिले आणि आत्याबाई आडव्या झाल्या. सगळा प्रवास त्यांनी डोळे मिटून काढला. ज्या समुद्रासाठी आल्या तो त्यांनी जहाजातून बघितलाच नाही.

सकाळी बेट दिसलं. पाण्यावर काढलेल्या हिरव्या रेघेसारखं. जहाज बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या खडकांच्या बाहेर थांबलं आणि लहान होड्या आम्हांला न्यायला आल्या. मोठ्या जहाजाच्या दारातून हलत्या होडीत उतरायचं. खालचे दोन दणकट खलाशी हात पुढं करून उभे. मी मागं सरले. आत्याबाईंनी साडीचा काचा मारला, पुढं झाल्या आणि माझ्या पोटाकडं बोट दाखवून आमच्या औरंगाबादी हिंदीत खलाशांना दरडावलं, "पोटुशी हाय मेरी बहू! हल्लू हल्लू पकडना!" त्या लोकांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी मला अंडी उतरवावीत तसं उतरवलं.

आम्ही राहिलो ते घर एका मासेमाराचं होतं. तो बोटीवर जायचा, घरात त्याची बायको असायची. चाळिशीची, डोक्यावरून ओढणी, हसरी. मी तिला ताई म्हणायला लागले. तिला टीव्हीवर शिकलेलं हिंदी येत होतं. आत्याबाईंची हिंदी आणि तिची हिंदी यांत मला फारसं साम्य दिसलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी दोघी चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. ताईची भाकरी हातातच तुटली तेव्हा आत्याबाई तिला म्हणाल्या, "हुईंगा, हुईंगा. मेरेकू बी सासू ने लई मारा तब आया."

माझं काम सोपं होतं, पण सावकाशीचं. नारळाच्या बागेत मी दोरी ताणून ठेवली होती. सकाळी ऊन झावळ्यांतून खाली उतरलं की सापसुरळ्या अंग शेकायला बाहेर येतात. तेव्हा दोरीच्या कडेनं अगदी हळू चालायचं, थांबायचं, दिसतील तेवढ्या मोजायच्या, मोठी कोण, पिल्लू कोण ते पाहायचं. दुपार तापली की त्या पाचोळ्यात जातात, काम संपतं. अशी एक दोरी मी झाडून स्वच्छ ठेवलेल्या बागेत लावली होती आणि दुसरी, जिथं पडलेल्या झावळ्या आणि करवंट्या तशाच कुजत होत्या तिथं.

पहिल्या दिवशी सापसुरळी दिसली आणि खरं सांगायचं तर मी थोडी खट्टू झाले. एवढा समुद्र ओलांडून आले आणि समोर जी बसली होती ती पडेगावच्या बांधावरच्या सापसुरळीची सख्खी बहीण वाटत होती. तोच तपकिरी रंग, तीच कडेची फिकी रेघ. मार्गदर्शक मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अगं, म्हणूनच तर बघायचं. आपल्याकडची तिथं कशी जगते ते बघ."

आत्याबाई मात्र बागेच्या कडेलाच थांबायच्या. "तुझं चालू दे. मी हितं बरी हाय." समुद्र बघत बसायच्या. लाटा खडकांवर फुटायच्या, आतलं पाणी काचेसारखं निवांत. एकदा म्हणाल्या, "एवढं पाणी आन् पेता येईना. आपल्याकडं पाणी नाय ते बरं म्हणायचं."

पंधरवडा चांगला गेला. मग एका सकाळी मला थोडं रक्त दिसलं.

मी आत्याबाईंना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि ताईला बोलावलं. ताईनं शेजारच्याची रिक्षा आणली आणि आम्ही बेटावरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर केरळची तरुण मुलगी होती. तिनं तपासलं, मग यंत्र पोटावर टेकवून बाळाच्या काळजाचे ठोके ऐकवले. घोड्याच्या टापांसारखे टपटप. आत्याबाईंनी ते ऐकलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"बाळ ठीक आहे," डॉक्टर म्हणाली. "पण पडून राहायचं. चालायचं नाही, वाकायचं नाही. पुन्हा जास्त झालं तर हेलिकॉप्टरनं कोचीला पाठवू. आत्ता जहाजानं पाठवणार नाही, हलवण्यापेक्षा इथंच बऱ्या."

मी खाटेवर पडले. पहिला दिवस नुसता भीतीत गेला. दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं आणि मग मला कामाची आठवण झाली. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "काम गेलं खड्ड्यात. तू पड." मी फोन ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून रडले. अर्धवट मोजणीला काही अर्थ नव्हता. परत परवानगी मिळवायची म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तोवर लेकरू.

आत्याबाई खाटेच्या कडेला येऊन बसल्या. "काय बघायचं असतं त्या बागेत?"

"सापसुरळ्या."

"ते ठावं हाय मला. कसं बघायचं ते सांग."

मी वळून त्यांच्याकडं बघितलं. अंगणात सापसुरळी निघाली तर ही बाई ओसरीवर चढून बसायची. "तुम्हांला भीती वाटते ना?"

"वाटती. मग काय झालं?"

मी त्यांना सांगितलं. कसं चालायचं, कुठं थांबायचं, मोठी कशी ओळखायची, लाल शेपटीची बारीक जात कोणती. चालता चालता लिहिणं त्यांना जमणार नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं की कमरेला दोन पिशव्या बांधायच्या. मोठी दिसली की प्रवाळाचा एक तुकडा उजव्या पिशवीत, पिल्लू दिसलं की डाव्या.

पहिल्या दिवशी आत्याबाई दोन्ही पिशव्या रिकाम्या घेऊन आल्या. "एक बी नाय तिथं."

मागून ताई हसत आली. तिनं हातवारे करून सांगितलं की आत्याबाई पाऊल टाकायच्या आधी पुढं खडे फेकत होत्या. सगळ्या सापसुरळ्या केव्हाच पळाल्या होत्या.

"पायाखाली आली तर?" आत्याबाई म्हणाल्या.

"येत नाही. ती तुम्हांला घाबरते."

"ती मला घाबरती, मी तिला घाबरती. मग मोजायचं कुणी?"

आम्ही तिघी इतक्या हसलो की मला पोट धरावं लागलं आणि आत्याबाई एकदम ओरडल्या, "हसू नको, पडून राहा!"

दुसऱ्या दिवशी ताई त्यांचा हात धरून गेली. तिसऱ्या दिवशी आत्याबाई एकट्या गेल्या. हळूहळू पिशव्यांत तुकडे यायला लागले. त्या यायच्या, पिशव्या माझ्या खाटेवर ओतायच्या आणि प्रत्येक तुकड्याचं सांगायच्या. ही करवंटीवर बसली होती. हिनं एवढा मोठा नाकतोडा धरला. ही लई धीट, मी समोर उभी तरी हलेना, मान तिरपी करून बघतच राहिली. झाडलेल्या बागेतली पिशवी बहुतेक दिवस हलकीच असायची, पाचोळ्यातली जड. "ज्या बाईचं आंगण साफ, तिच्या दारात ही येत नाय," त्या म्हणाल्या. "कुठं लपंल बिचारी? मांजर लगेच धरतंय."

मला शंका होती की त्या एकीलाच दोनदा मोजत असतील. मी तसं म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "असंल. तू बरी झाल्यावर माझ्यासंगं चल आन् बघ, मी किती चुकते ते."

एक दिवस त्या लवकर परतल्या. चेहरा उतरलेला. खाटेवर बसल्या, पाणी प्यायल्या. पाचोळ्यात मांजरानं सापसुरळीवर झडप घातली होती. शेपूट तुटून मांजराच्या पंजाखाली उड्या मारत राहिलं आणि मांजर त्या शेपटीकडंच बघत बसलं. तेवढ्यात ती पळाली.

"शेपूट टाकून जीव वाचवला तिनं," आत्याबाई म्हणाल्या. "परत येतं का ते?"

"येतं. पण आधीसारखं नाही. आखूड, वेगळ्या रंगाचं. आणि तिची चरबी शेपटीत साठलेली असते. ती गेली की त्या वेळी अंडी कमी होतात, कधी होतच नाहीत. जगली तर पुढं होतात."

बाहेर ताई अंगणात मासे वाळत घालत होती. आत्याबाईंनी मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या जन्माआधी त्यांना एक लेकरू राहिलं होतं. पाचवा महिना. पेरणीचे दिवस. असंच थोडं रक्त दिसलं तेव्हा त्यांनी सासूला सांगितलं. सासू म्हणाली, बायकांना होतंच असं. त्या दिवशी त्यांनी दिवसभर तिफणीमागं पेरणी केली. रात्री लेकरू गेलं.

"सासू वाईट नव्हती," आत्याबाई म्हणाल्या. "तिला बी कुणी पडू दिलं नसंल. कुणालाच ठावं नव्हतं की निसतं पडून राहिलं तर लेकरू वाचतं." मग त्यांनी माझ्या पायांवरची चादर नीट केली. "तू पड. मी हाय ना मोजायला."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी पिशव्या कमरेला बांधल्या आणि राहिलेली बाग बघायला निघून गेल्या.

पुढं डॉक्टरनं मला थोडं थोडं चालायला परवानगी दिली. मी आत्याबाईंबरोबर बागेत गेले. त्या पुढं, मी मागं. दोघींनी एकमेकींना न सांगता मोजलं आणि नंतर ताडून बघितलं. पाचोळ्यात त्या माझ्यापेक्षा थोड्या कमी मोजत होत्या, कारण खोडाच्या पायथ्याशी त्यांचं लक्ष जात नव्हतं. झाडलेल्या बागेत दोघींचं जवळजवळ सारखं आलं. त्यांची मोजणी किती कमी येते हे कळलं, म्हणजे ती वापरता येणार होती. मॅडमना फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडून त्या नुसत्या "अगं बाई" म्हणाल्या.

शेवटच्या आठवड्यात कुजक्या खोडाखाली मला अंडी दिसली. पांढरी, मऊ सालीची, नखाएवढी. मी आत्याबाईंना बोलावलं. खोड हलवू नको, पुन्हा तसंच ठेव, असं त्यांनीच मला सांगितलं. असंच एखादं खोड कधी काळी लाटांबरोबर इथं लागलं असेल, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी समुद्राकडं बघितलं आणि विचारलं, "मंग तिला माहीत असतं का, आपण कुठं निघालो ते?"

"नाही."

"बरंय. माहीत असतं तर बसली नसती," त्या म्हणाल्या.

परत येताना डॉक्टरच्या सांगण्यावरून आम्ही विमानानं आलो. आत्याबाईंनी खिडकी धरली आणि जहाजातून राहिलेला सगळा समुद्र वरून बघून घेतला.

उन्हाळ्यात, घराच्या पत्र्यावर हात ठेववत नव्हता तेव्हा, मला मुलगी झाली. वजनानं चांगली, आवाजानं खणखणीत. प्रबंध लिहायला त्यानंतर बराच वेळ लागला. त्यात नवं म्हणावं असं एवढंच होतं की बेटावरच्या सापसुरळ्या पाचोळ्याच्या आधारानं टिकतात, आणि बागा जितक्या झाडून-पुसून ठेवाव्यात तितक्या त्या कमी होतात. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मधल्या दिवसांच्या मोजणीवर बोट ठेवलं. "ही कुणी केली?" मी म्हणाले, "माझ्या सासूबाईंनी." खोलीत थोडी हालचाल झाली. मग मी दोघींच्या मोजणीतला फरक दाखवला. ते कागद उलटसुलट बघत राहिले आणि पुढच्या प्रश्नाकडं वळले.

ताईचा आणि आत्याबाईंचा फोन चालूच राहिला. भाषा तीच, दोघींनी मिळून केलेली. मुलगी बोलायला लागली तेव्हा ताईला ती आजीच म्हणायची. आणि गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ताई नवऱ्याबरोबर खुलताबादच्या दर्ग्यांना जायचं म्हणून आमच्याकडं उतरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे दौलताबादला गेलो. ताईचा सगळा जन्म अशा जमिनीवर गेला होता की जिथं सगळ्यात उंच जागा म्हणजे मशिदीचा मनोरा. मुख्य भूमीवर ती आली होती ती कोचीच्या दवाखान्यापुरती. रस्त्याच्या वळणावरून किल्ल्याचा डोंगर एकदम पुढं आला तेव्हा तिनं गाडीच्या काचेला हात लावला.

"ये किसने बनाया?" तिनं विचारलं.

"किल्ला राजा लोगां ने," आत्याबाई म्हणाल्या. "पहाड तो पहलेसेच हाय."

"पहलेसे?"

"हौ. हमारे पैदा होनेके पहलेसे."

ताई कितीतरी वेळ वर बघत राहिली. चढायला ती तयार झाली नाही. पहिल्या दरवाज्यापर्यंत आली, तटाला हात लावून बघितला आणि म्हणाली की एवढ्या उंचीवर माणसाचे पाय धरून ठेवायला काही नाही. आत्याबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग आम्ही खाली रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायांकडून सीताफळं घेतली आणि झाडाखाली बसून खाल्ली. माझ्या मुलीनं तोंडभर बिया फुंकल्या आणि ताईच्या नवऱ्यानं, जो दोन दिवसांत फारसा बोलला नव्हता, कुणाची बी लांब जाते याची तिच्याशी पैज लावली.

ताईला ते फळ फार आवडलं. तिला एक रोपच न्यायचं होतं, मातीच्या पिशवीत लावलेलं. रस्त्यापलीकडं रोपवाटिका होती, ती उठलीसुद्धा.

"ताई, रोप नको," मी भरात मराठीतच म्हणाले. "बिया न्या, धुऊन, वाळवून. मातीत काय काय जातं ते दिसत नाही. मुंग्या जातात, गोगलगायी जातात, कुणाची अंडी जातात. बेटावर एकदा शिरलं की परत निघत नाही."

ताईला काही कळलं नाही. तिनं आत्याबाईंकडं बघितलं.

"ये ऐसीच हाय," आत्याबाई माझ्याकडं बोट दाखवून तिला म्हणाल्या, आणि पदरात बिया गोळा करायला लागल्या.